आधी तुम्ही

त्या हिवाळ्यात आमच्या स्कॅन केंद्रातला संगणक माझ्या हातून सीडी लिहून घेत नव्हता. मी खुर्चीत बसून लिहिण्याची आज्ञा दिली, की रायटर काही वेळ घरघरे, पडद्यावर चूक झाल्याचा संदेश उमटे आणि चकती बाहेर येई. मी उठले, त्याच खुर्चीत विलास चौगुले बसला, त्याने तीच चकती पुन्हा आत ढकलली, की ती निमूटपणे लिहिली जाई.

"मॅडम, राग मानू नका," खिडकीपलीकडचे गृहस्थ एका सकाळी मला म्हणाले. त्यांच्या पत्नीचे स्कॅन नुकतेच झाले होते. "आमच्या मंडळींची सीडी त्या पोराच्या हातनं काढा."

"का?"

"काय न्हाई. असंच."

"असंच म्हणजे?"

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "लोकं बोलत्यात."

लोक काय बोलत होते ते मला ठाऊक होते. दिवाळीच्या तोंडावर माझे पती हृदयविकाराने गेले. दिवस होईपर्यंत मी घरी होते, आणि कामावर परतले त्या पहिल्याच सकाळी चकती लिहिली गेली नाही. त्यानंतर एकाही सकाळी ती माझ्या हातून पहिल्या खेपेला लिहिली गेली नाही. मराठीत अशा बाईसाठी शब्द तयारच असतो. पांढऱ्या पायाची. माझ्या बाबतीत लोकांनी तो पायावरून हातावर आणला होता, एवढाच फरक.

गोष्ट दोन हजार तीन सालची, गडहिंग्लजची. मी पदार्थविज्ञानाची एम.एस्सी. दुपारी कनिष्ठ महाविद्यालयात तास घेई आणि सकाळी डॉ. मगदुमांच्या केंद्रात संगणक सांभाळी. आमच्याकडे स्कॅनचे यंत्र होते. चित्रे वाचणारे तज्ज्ञ मात्र कोल्हापूरला बसत. म्हणून रोज सकाळी पहिल्या रुग्णांची चित्रे सीडीवर लिहून ती पाकिटातून एसटीच्या चालकाकडे द्यायची. अहवालाबरोबर सीडी परत आली, की ती पुसून पुन्हा वापरायची. त्यासाठीच पुसता येणाऱ्या, आरडब्ल्यू जातीच्या चकत्या आम्ही घेतल्या होत्या. बस सुटायची घाई असे. त्यामुळे माझी एक खेप फसली, की स्कॅनचे यंत्र चालवणारा विलास येऊन बसे आणि त्या दिवशीच्या पुढच्या चकत्याही तोच लिही. मला दुसरी संधी घ्यायला वेळ नसे.

पहिले काही दिवस मी हे प्रकरण दुरुस्तीचे समजून हाताळले. चकत्यांची कंपनी बदलली. लिहिण्याचा वेग कमी केला. वरवर पुसण्याऐवजी चकती पूर्ण पुसून पाहिली. सॉफ्टवेअर काढून नव्याने बसवले. संदेश तोच राही: पॉवर कॅलिब्रेशन एरर. लिहिण्यापूर्वी रायटर आपला लेसर किती तेज ठेवायचा याची चकतीच्या आतल्या कडेला चाचणी घेतो. ती चाचणी नापास होत होती. माझ्या हातून नापास आणि पाठोपाठ विलासच्या हातून पास.

एकदा घाई नव्हती तेव्हा मी हट्टाने दुसरी खेपही स्वतःच घेतली आणि सीडी लिहिली गेली. मी विजयाने वळून पाहिले. सफाईचे काम करणाऱ्या आक्काताई दारात उभ्या होत्या.

"लिहिली की नाही?"

"लिवली," त्या म्हणाल्या. "विलासनं खुर्चीला हात लावला हुता न्हवं."

विलास खरोखरच खुर्चीची पाठ धरून उभा होता.

"बाई, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकू का?"

"कशावरून? माझ्यावरून की खुर्चीवरून?"

"दोन्हीवरनं. मीठ काय लागतंय, मूठभर."

मी हसले. तेव्हा मला हसता येत होते. मी आणि माझे पती आसपासच्या गावांतल्या शाळांत जाऊन बुवाबाजीचे प्रयोग उघडे करून दाखवत असू. लिंबातून रक्त काढायचे, पाण्याने दिवा पेटवायचा आणि मग मुलांना त्यातले रसायन सांगायचे. 'दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण नव्हे' हे वाक्य मी इतक्या फळ्यांवर लिहिले होते, की झोपेतही लिहू शकले असते.

डिसेंबरात त्या केंद्रातले दोन रुग्ण वारले. दोघांच्याही चकत्या आधी माझ्या हातून फसल्या होत्या. आमच्याकडे येणारी माणसे मुळातच आजारी असत आणि त्यांतली काही वारणारच, हे मला कळत होते. सकाळची प्रत्येकच पहिली चकती माझ्या हातून फसत असल्याने वारणाऱ्यांतल्या काहींच्या चकत्या फसलेल्या असणार, हेही कळत होते. परंतु दुसऱ्या रुग्णाची बातमी आली तेव्हा माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला आणि हात पदराला पुसले. भीती तिथून सुरू झाली.

मी डॉ. मगदुमांना सांगून कोल्हापूरहून दुरुस्तीवाला बोलावला. आवटी त्याचे नाव. मी कॉलेजला निघण्याच्या बेतात असताना तो नवाकोरा रायटर घेऊन आला.

"हा बोळा कसला हो?" त्याने विचारले. संगणकाच्या तोंडावर, रायटरच्या बरोबर खाली, एका रिकाम्या खणाची झडप तुटलेली होती आणि त्या भोकात चिंधी कोंबलेली होती. मी कामावर परतले तेव्हापासून ती तिथे होती.

"उंदीर जातुया आत," आक्काताई म्हणाल्या.

"मग बरं केलंत. एका बँकेत उंदरानं अख्खी केबल खाल्ली, अन् साहेब म्हणतोय व्हायरस आलाय." जुना रायटर बाहेर ओढून त्याने नवा सरकवला. "मॅडम, आता तुमच्या नातसुना येईपर्यंत बघायला नको."

दुपारी त्याने आणि विलासने चार-पाच चकत्या लिहून पाहिल्या. सगळ्या लिहिल्या गेल्या, असा विलासचा फोन आला. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या रायटरमध्ये नवी चकती घातली. तो घरघरला. पॉवर कॅलिब्रेशन एरर.

विलास माझ्यामागे उभा होता. मी उठले. तो बसला. सीडी लिहिली गेली.

आता बदलायचे असे काही उरलेच नव्हते. रायटर बदलला होता, चकत्या बदलल्या होत्या, आज्ञावली बदलली होती. माझी ती एकुलती यशस्वी खेप होती खरी, पण तेव्हा विलासचा हात खुर्चीला होता. दोन्ही खेपांत वेगळे असलेले एकच कारण शिल्लक होते आणि ते मी होते. एखाद्या विद्यार्थ्याने हा निष्कर्ष माझ्यापुढे मांडला असता, तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

प्रयोग अपुरा होता, हे मला दिसत होते. क्रम उलटा करायला हवा होता: आधी विलास, मग मी. मी त्याला तसे म्हटलेही.

"उद्या सकाळी तू आधी बस."

"छे, ताई. आधी तुम्ही."

"अरे, प्रयोग म्हणून."

"तुम्ही मोठ्या आहात. आधी तुम्ही."

दुसऱ्या दिवशी त्याला नेमका तेव्हाच स्कॅनच्या खोलीत रुग्ण होता. तिसऱ्या दिवशी तो चहा सांगायला गेला. मी त्याची ही टाळाटाळ अदब समजले. मीही ताणून धरले नाही, कारण तो प्रयोग मला नको होता. तो आधी बसला आणि यशस्वी झाला, मग मी बसले आणि फसले, तर पुढे काय करायचे ते मला ठाऊक नव्हते.

माझी मुलगी शाल्मली तेव्हा चौथीत होती. रोज सकाळी ती पाटावर माझ्याकडे पाठ करून बसे आणि मी तिच्या दोन वेण्या घालत असे. त्या आठवड्यात मी फणी तिच्या हातात दिली.

"आज तू घाल."

"मला मागचा भांग पडत नाही."

"नाही पडला तर नाही पडला."

"आई, तुझे हात दुखतात का?"

"हो," मी म्हणाले.

ती फणी घेऊन आरशापुढे गेली. तिच्या डोक्याला हात लावण्याची मला भीती वाटत होती. हे वाक्य मी आज सरळ लिहू शकते. तेव्हा ते मनातसुद्धा पुरे करू शकत नव्हते.

शनिवारी सकाळची शाळा असते. त्या शनिवारी ती वाकड्या भांगाने शाळेत गेली आणि मी केंद्र उघडायला गेले. थंडी कडाक्याची होती. मी नुकताच संगणक सुरू केला होता, एवढ्यात दारात रिक्षा थांबली. शाल्मलीच्या वर्गशिक्षिका, पोवारबाई, तिला दंडाला धरून उतरवत होत्या.

"कवायतीला जाताना कट्ट्यावरून पडली हो. डोक्यावर. पण लगेच उठली, बोलली, हसलीसुद्धा. मग म्हणते, झोप येतेय."

"शाल्मली!"

"आई, मी जरा झोपू?"

पडल्यावर शुद्धीवर असलेले मूल काही वेळाने झोप येते म्हणू लागले, तर त्याचा अर्थ काय असू शकतो, हे मी त्या केंद्रात राहून शिकले होते. विलासने तिला उचलून यंत्रावर ठेवले. पडद्यावर एकेक छेद उमटू लागला आणि उजव्या कानाच्या वर, कवटीच्या आतल्या बाजूला, पांढरा डाग दिसला. दोन्हीकडून फुगीर, भिंगाच्या आकाराचा. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचत होते.

डॉ. मगदुमांनी कोल्हापूरच्या शल्यचिकित्सकांना फोन लावला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"हो... हो, उजवीकडे. शुद्ध उतरतेय... गाडी दारात आहे." त्यांनी फोन ठेवला. "ते थिएटर तयार ठेवतायत. चित्रं बरोबर असली तर दारातून सरळ आत घेतो म्हणाले. नसली तर तिथं पुन्हा स्कॅन, त्यात वेळ जाणार. फिल्म छापायचा कॅमेरा बंदच आहे ना अजून?"

"बंदच आहे, सर," विलास म्हणाला.

"मग सीडी. मी मुलीला गाडीत घेतो, सलाईन लावतो. तुम्ही सीडी घेऊन या. पटकन."

ते गेले. खोलीत मी, विलास आणि तो संगणक. चकती माझ्या हातात होती. ती खोक्यातून मी कधी काढली, मला आठवत नाही. मी ती टेबलावर टाकली आणि मागे सरकले.

"तू बस."

"ताई..."

"तू बस, विलास. मी हात लावणार नाही."

"आधी तुम्ही, ताई."

"माझी मुलगी आहे ती!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "दोघं गेली ना? लोक काय म्हणतात ठाऊक आहे ना तुला? मग? मी तिची चकती फसवू?"

"तसं नाही, ताई. पहिल्यांदा एकदा तुम्ही..."

"बस तिथे!"

तो बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि त्या थंडीत कानशिलावर घाम होता. त्याने चकती आत ढकलली, माझ्या मुलीच्या नावावर खूण केली आणि आज्ञा दिली. रायटर घरघरला. मी दाराची कडी घट्ट धरून उभी राहिले. घरघर वाढली, थांबली, पुन्हा सुरू झाली आणि चकती बाहेर आली.

पॉवर कॅलिब्रेशन एरर.

मी त्या अक्षरांकडे पाहत राहिले. माझा हात लागला नव्हता. म्हणजे खोलीत मी असणेही पुरे होते. मग मी बाहेर जाऊ का? बाहेर गेले तर गाडीत, तिच्याजवळ...

"मला ठाऊक होतं," विलास म्हणाला. तो रडत होता. "माझ्याही हातनं नाही होत, ताई. सकाळी पहिल्यांदा नाही होत."

"काय म्हणालास?"

"शाल्मलीला ताप होता, तेव्हा तुम्ही दोन दिवस रजेवर होता. मी बसलो. दोन्ही दिवस फसली. मग परत घातली तर झाली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"माघात लग्न आहे माझं. मला वाटलं, तुमच्या खुर्चीत बसून मलाही लागलं."

"काय लागलं?"

"ते."

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. डोक्यात काहीतरी जागच्या जागी बसले होते. मी रजेवर होते, दोन दिवस या खोलीत पाऊलही टाकले नव्हते, तरीही पहिली खेप फसली होती. आज माझ्याऐवजी तो आधी बसला आणि तो फसला. फसत होती ती पहिली खेप. माणूस कोणीही असो.

"ऊठ," मी म्हणाले.

"ताई, मी परत घालतो की. आता होईल."

"आता कोणाच्याही हातून होईल. ऊठ."

कारण मला अजून कळलेले नव्हते. फक्त क्रम कळला होता. मी नवी चकती काढली. ती खाचेत बसेना. विलासने हात पुढे केला.

"खुर्चीला हात लावू नकोस," मी म्हणाले. तो भिंतीला जाऊन टेकला.

मी आज्ञा दिली. रायटर घरघरला. मी डोळे मिटले नाहीत. पडद्यावरची निळी पट्टी जागची हलली आणि डावीकडून उजवीकडे सरकू लागली.

ती पुरी भरली तेव्हा भोंगा पुन्हा वाजत होता. मी सीडी घेऊन धावले, गाडीत चढले आणि शाल्मलीचे डोके माझ्या मांडीवर घेतले. कोल्हापूर येईपर्यंत मी तिचा वाकडा भांग बोटांनी सरळ करत होते. तिथे तिचे केस काढून कवटीला भोक पाडले आणि साचलेले रक्त बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले आणि तिच्या वेण्या कुठे गेल्या, असे विचारले.

ती घरी आली, चालू-फिरू लागली, तेव्हा मी केंद्रात परत गेले. संगणक सुरू करण्यापूर्वी त्याच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि रायटरखालच्या खणातला चिंधीचा बोळा ओढून काढला. तो माझ्या अपेक्षेपेक्षा जड होता आणि त्याला गाठ मारलेली होती. ती सोडली. आत पांढऱ्या डांबरगोळ्या होत्या. काही अख्ख्या, काही झिजून वाटाण्याएवढ्या झालेल्या.

"आक्काताई, हे काय?"

"उंदरासाठनं," त्या म्हणाल्या. "तुमचं मालक गेलं, तुम्ही घरला. दिवाळीचं मशीन बंद. उंदरिणीनं पिल्ली घातली की आत. समदी काढली, अन् भोक बुजवलं. नुसती चिंधी काय, ती कुरतडत्यात. म्हून गोळ्या. कमी झाल्या की घालतुया."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमच्या घरात तसलं झालेलं. त्यात आनि उंदराचं काय सांगू?"

"वास कसा आला नाही मला?"

आक्काताईंनी दाराबाहेर बोट दाखवले. तिथे हात धुण्याचे भांडे होते आणि त्याच्या जाळीवर, केंद्र सुरू झाल्यापासून, डांबरगोळ्या होत्या. त्या खोलीला तोच वास होता. सगळ्यांच्या नाकाला तो सवयीचा झाला होता.

मी एका स्टीलच्या डब्यात ती गाठोडी ठेवली, तोंडावर काच घातली आणि डबा गरम पाण्यात उभा करून काचेवर थंड पाण्याची वाटी ठेवली. थोड्या वेळाने काच उचलली तेव्हा तिच्या आतल्या बाजूवर अभ्रकासारख्या चमकत्या पापुद्र्यांचा थर होता. विलासला दाखवला. मग ती काच माझ्या तळहातावर धरली. काही मिनिटांत थर विरळ झाला आणि पुढे दिसेनासा झाला. नंतरचे पंधरा दिवस आम्ही गाठोडी काढून सकाळची पहिली चकती आळीपाळीने लिहिली, एक दिवस तो आणि एक दिवस मी. एकही फसली नाही. मग गाठोडी परत खणात ठेवली. दुसऱ्या सकाळी पहिली खेप विलासची होती. ती फसली, आणि तो आनंदाने ओरडला.

कारण असे होते. डांबरगोळी साध्या उबेत वितळत नाही. तिची घन अवस्थेतूनच वाफ होते. दिवसभर चालणाऱ्या संगणकाच्या उबेत ती वाफ भरपूर होई आणि रायटरचा छोटा पंखा ती आत ओढून घेई. संगणक बंद झाल्यावर थंडीत ती वाफ पुन्हा घट्ट होऊन रायटरच्या भिंगावर पातळ थराच्या रूपात बसे. सकाळी त्या थरातून लेसरचे पुरेसे तेज चकतीपर्यंत पोहोचत नसे, म्हणून चाचणी नापास होई. परंतु त्या फसलेल्या खेपेनेच रायटर तापे आणि थर उडून जाई. पहिली खेप भिंग स्वच्छ करण्यात खर्ची पडे, दुसरी चकती लिहिण्यात. केंद्र मी उघडत असे, म्हणून पहिली खेप माझी असे.